साखळीवरचा भार

जत्रेत साखळ्यांचा गोल पाळणा फिरू लागला की टांगलेल्या खुर्च्या हळूहळू बाहेर झेपावतात आणि बसलेल्यांच्या पायांखालून सारी जत्रा फिरू लागते. यंदा गावच्या जत्रेत माझा बारा वर्षांचा नातू त्या पाळण्यापाशी थबकला. तिकीट हातात असूनही चढेना. अंगाने तो थोडा स्थूल आहे. हळूच म्हणाला, “आजोबा, माझी खुर्ची सगळ्यांपेक्षा जास्त बाहेर जाईल. सगळे हसतील.”

“आधी एक फेरी पाहू,” मी म्हटले. पाळणा फिरला. बाहेरच्या रांगेत एका खुर्चीत धिप्पाड गृहस्थ, पुढच्या खुर्चीत किरकोळ अंगाची मुलगी, तिच्यापुढची खुर्ची रिकामी. तिन्हींच्या साखळ्या एकाच कोनात कललेल्या! नातू पाहतच राहिला.

यामागचा नियम साधा आहे. वजन वाढले की खाली ओढणारे बल वाढते. पण खुर्चीला वर्तुळात वळवत ठेवण्यास लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून साखळीचा कल ठरतो तो वेगावर आणि वर्तुळाच्या त्रिज्येवर. 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे 6.3 सेकंदांत एक फेरी झाली, तर कल 45 अंशांचा. मग खुर्ची भरलेली असो वा रिकामी. व्हिएन्नातील प्राटर उद्यानात 2010 साली सुरू झालेल्या 117 मीटर उंच पाळण्यालाही हाच नियम लागू आहे.

फरक असतो तो साखळीवरच्या ताणात. 45 अंशांच्या कलावर खुर्चीसह 30 किलोंचा भार असेल, तर साखळ्यांना सुमारे 42 किलोंची ओढ सोसावी लागते. 90 किलो असतील, तर सुमारे 127 किलोंची. बाहेरून दिसणारा कोन मात्र तोच. म्हणूनच जाणता पाळणेवाला फेरीपूर्वी प्रत्येक साखळी, तिची कडी, खुर्चीचा अडसर हाताने चाचपून पाहतो.

नातू चढला आणि हसत उतरला. घरी परतताना माझ्या मनात मात्र थोरले बंधू होते. वडिलांमागे पेढी त्यांनीच सांभाळली. आम्ही चौघे भाऊ एकाच पंगतीत जेवलो, सणही सारख्याच थाटात केले. पाहणाऱ्याला चौघे सारखेच दिसलो. एका वर्षी मोठी उधारी बुडाली, तेव्हा त्यांनी किती रात्री जागून काढल्या, हे आम्हांला फार उशिरा, जुन्या वह्या चाळताना कळले.

एका घरात, एका पेढीत सारे मिळून फिरत असतात. कोण किती भार सोसतो आहे, हे नुसत्या कलावरून कळत नाही. त्यासाठी जवळ जाऊन साखळीला हात लावावा लागतो.

त्या रात्री मी बंधूंना फोन केला. हिशेबाचे काहीच काढले नाही. “अण्णा, कसे आहात?” एवढेच विचारले. ते बराच वेळ बोलत राहिले.