किती येतील त्याचे?

भारतातून कुणी आमच्याकडे न्यू जर्सीला आलं, की चिरंजीवांच्या खोलीत रचून ठेवलेले बुटांचे खोके बघून पहिला प्रश्न येतो, "यात काय आहे?" बेसबॉल खेळाडूंची कार्डं आणि सह्या आहेत असं सांगितलं, की दुसरा प्रश्नही ठरलेला. "किती येतील त्याचे?"

नानाकाका, रागावू नका, पण हे सगळं तुमच्यामुळे लिहितोय. :) फोनवर तुम्ही परत तेच विचारलंत आणि याचं उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नाही.

प्रश्न चुकीचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचं १९५२ सालचं एक कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. विकणाऱ्यानं ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना घेतलं होतं. पत्त्याच्या पानापेक्षा किंचित मोठा असा पुठ्ठ्याचा तुकडा! असल्या बातम्या वाचल्या की घरातल्या खोक्याकडे कुणाचीही नजर वळणारच. पण माझं मत विचाराल, तर या छंदात पैसा ही सगळ्यात कमी रंजक गोष्ट आहे. आणि लहान मुलांच्या बाबतीत हल्ली ती घातकही व्हायला लागली आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. ही कार्डं मुळात जाहिरात होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी सिगारेटचं पाकीट चेमटू नये म्हणून त्यात एक जाड कागद घालत. त्यावर चित्रं छापायची कल्पना निघाली. नट्या झाल्या, झेंडे झाले, मग बेसबॉल खेळाडू आले. १९०९ ते १९११ च्या दरम्यान अशाच एका मालिकेत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं कार्ड निघालं आणि लवकरच बंदही झालं, कारण त्यानं स्वतःच हरकत घेतली. कुणी म्हणतं, पोरांनी आपल्यापायी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून. कुणी म्हणतं, पैसे मिळाले नाहीत म्हणून. ते काही असो, त्यामुळे आज ती कार्डं पन्नास-साठच उरली आहेत.

पुढे सिगारेटची जागा च्युइंगगमनं घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीतल्या साय बर्गरनं सहकाऱ्याबरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आखला. पुढे रंगीत चित्र, छापील सही, संघाचं चिन्ह. मागे खेळाडूची माहिती आणि आकडे. त्यातली शेवटची कार्डं बाजारात यायला मोसम उलटत आला. पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. माल पडून राहिला. जत्रांमधून कवडीमोलानं विकायचा प्रयत्न झाला, तोही फसला. शेवटी १९६० मध्ये बर्गरनं ती सगळी खोकी तराफ्यावर घातली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात बुडवली. मँटलचं कार्ड याच शेवटच्या हप्त्यातलं. म्हणजे आज ज्याला कोट्यवधी मोजतात, ते एकेकाळी फुकटही कुणाला नको होतं.

जी समुद्रात गेली नाहीत ती पोरं मोठी झाल्यावर त्यांच्या आयांनी कचऱ्यात टाकली. इथल्या साठी-सत्तरीतल्या कुठल्याही गृहस्थाला विचारा, "माझ्याकडेही होतं हो ते, आईनं टाकलं" हे ऐकायला मिळतंच. मग ऐंशीच्या दशकात किमतींच्या बातम्या यायला लागल्या आणि अख्खा देश शहाणा झाला! लोकांनी खोकेच्या खोके जपून ठेवले, मुलांच्या कॉलेजची सोय म्हणून. कंपन्यांनीही वारेमाप छापली. परिणाम काय, तर त्या काळातली बहुतेक कार्डं आज रद्दीच्या भावातही कुणी घेत नाही. मौज बघा... ज्यांनी किमतीचा विचार न करता खेळून, दुमडून, हरवून टाकली, त्यांची मोलाची झाली. ज्यांनी किमतीसाठीच ठेवली, त्यांची कवडीची.

आता यात आनंद कसला, ते सांगतो.

मी इथे आलो तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. लहानपणी बिग फनच्या च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची ती जमवली होती, तेवढाच या विषयातला पूर्वानुभव. चिरंजीव सात वर्षांचे असताना त्यांच्या वर्गातल्या एका मित्रानं वाढदिवसाला कार्डांचं पाकीट दिलं. त्या कार्डांच्या मागच्या बाजूनं आम्हा दोघांना हा खेळ शिकवला. खेळाडू कुठे जन्मला, उंची-वजन किती, डाव्या हाताचा की उजव्या, आणि खाली दरवर्षीचे आकडे. दहा वेळा बॅट घेऊन उभं राहिल्यावर ज्याला तीनदा हिट मारता येतो तो इथे थोर मानला जातो, म्हणजे सातदा फसूनही माणूस थोर असू शकतो, हे मला त्या कार्डानं सांगितलं. क्रिकेटच्या सरासरीशी डोकं जुळवणाऱ्याला हा हिशोब पचायला वेळ लागतो. मुलाला मात्र दशांश अपूर्णांक शाळेच्या आधी इथेच कळले. गावांची नावंही तशीच. डॉमिनिकन रिपब्लिकमधलं सान पेद्रो दे माकोरीस हे शहर नकाशावर कुठे आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, कारण इतक्या खेळाडूंच्या मागे तेच लिहिलेलं!

नावाजलेल्या खेळाडूंपेक्षा मला साध्या खेळाडूंची कार्डं जास्त आवडतात. जमवणारे त्यांना 'कॉमन' म्हणतात. मागच्या आकड्यांची एखादीच ओळ. पंधरा-वीस सामने, आणि पुढे काही नाही. त्या एका ओळीसाठी माणसानं वयाच्या सहाव्या वर्षापासून काय काय केलं असेल! संच पूर्ण करायचा तर तोही लागतोच. त्याच्या जागी दोन मँटल असून चालत नाही.

सह्यांची गंमत याहून वेगळी. आमच्यापासून जवळच, ब्रिजवॉटरला, सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान आहे. २०२१ पासून हा न्यूयॉर्क यांकीजचा दुय्यम पातळीवरचा संघ आहे, म्हणजे वर जायची धडपड करणारी विशी-पंचविशीतली पोरं. तिकीट परवडतं. सामन्याच्या आधी तासभर जाऊन कठड्याशी उभं राहायचं. कार्डासाठी मार्कर, चेंडूसाठी निळं बॉलपेन, टोपण आधीच काढून ठेवलेलं. खेळाडूला नावानं हाक मारायची, "प्लीज" म्हणायचं, आणि झाल्यावर "थँक यू" न विसरता. अनोळखी मोठ्या माणसाशी नजरेला नजर देऊन बोलणं आमच्या बुजऱ्या मुलाला दुसऱ्या कशानंही शिकवता आलं नव्हतं. तो खेळाडू अर्धा मिनिट थांबतो, कुठल्या जागी खेळतोस विचारतो, सही करतो. कागदावर उरते ती त्या अर्ध्या मिनिटाची पावती. बाजारातून विकत घेतलेल्या सहीत नेमकं तेवढंच नसतं.

या मैदानावर अँथनी व्होल्पे २०२२ चा बराचसा मोसम खेळला आणि २०२३ च्या पहिल्याच सामन्यापासून यांकीजकडून उभा राहिला. चिरंजीवांकडे त्याची सही नाही. आहेत त्या बहुतेक सगळ्या, पुढे न गेलेल्यांच्या. त्याला विचारा, प्रत्येकाचं नाव सांगेल.

दुसरी पद्धत टपालाची. निवृत्त खेळाडूला हातानं पत्र लिहायचं, सोबत कार्ड आणि आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. गेल्या हिवाळ्यात त्यानं अशाच एका एका ओळीच्या खेळाडूला लिहिलं. नाव मुद्दाम देत नाही. खेळ सुटल्यावर तुम्ही काय केलंत, एवढाच प्रश्न होता. सात आठवड्यांनी पाकीट परत आलं. कार्डावर सही, आणि वहीच्या कागदाची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. गृहस्थ पुढे तीस वर्षं शाळेत शिकवत होते. कार्डाला टपालात मध्येच घडी पडली होती. म्हणजे बाजारभावानं किंमत शून्य. पण त्या रात्री जेवताना आमच्या घरात ते पत्र मोठ्यानं वाचलं गेलं, आणि बेसबॉलशी काही देणंघेणं नसलेली बायकोसुद्धा जेवायची थांबून ऐकत होती.

सही करणाऱ्यांमध्येही घराणी आहेत बरं का. मिनेसोटाचा हार्मन किलब्रू (१९३६–२०११) तरुण खेळाडूंना बजावायचा, सही अशी करा की पोराला तुमचं नाव वाचता आलं पाहिजे. त्याची स्वतःची सही शाळेच्या कित्त्यासारखी. मला हा माणूस फार आवडतो.

आता दुसरी बाजू. पैसा आला की मागोमाग काय येतं तेही बघा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एफबीआयनं 'ऑपरेशन बुलपेन' या नावानं खोट्या सह्यांचा कारखानाच उघडकीला आणला. त्यात मदर तेरेसांची खोटी सही केलेला बेसबॉलसुद्धा सापडला! पुढे २००१ पासून मेजर लीगला स्वतःची खातरजमा पद्धत आणि होलोग्राम आणावा लागला. कार्डांची तीच कथा. तज्ज्ञांकडून कार्डाला दहापैकी गुण मिळवायचे आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून ठेवायचं, ही आता रीतच झाली आहे. वॅग्नरचं जे सर्वात उत्तम स्थितीतलं कार्ड म्हणून जगभर नावाजलं होतं, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, असं एका बड्या लिलावदारानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. कोरं करकरीत दिसावं म्हणून इतक्या जुन्या वस्तूला कात्री लावली. याहून जास्त काय सांगायचं?

आणि मुलांसाठी नवा सापळा म्हणजे 'ब्रेक'. कुणीतरी महागड्या कार्डांचा खोका कॅमेऱ्यासमोर फोडतो, आणि बघणारे आधीच पैसे भरून त्यातला एकेक संघ आपल्या नावावर करतात. आपल्या संघाचं भारी कार्ड निघालं तर निघालं, नाहीतर हात हलवत परत. मागे घड्याळ, आरडाओरडा, "शेवटचे दोन राहिले!" मटक्याचे आकडे लावण्यात आणि यात मला फरक दिसत नाही. चिरंजीवांच्या वर्गातली बारा-तेरा वर्षांची मुलं हे तासन्‌तास बघतात. खेळाडूचं नाव विचारा, माहीत नसतं. भाव तोंडपाठ.

कुणी म्हणेल, पाकीट फोडणं हीसुद्धा सोडतच की. खरं आहे. पोरांनी गम घ्यावा म्हणून तर कार्डं होती. सगळं पूर्वी निर्मळ होतं असं मी म्हणत नाही. पैशामुळेच कितीतरी जुनी कार्डं कचऱ्यातून वाचली, हेही मान्य. अडीनडीला कुणी संग्रह विकून घर सावरलं असेल, त्याला नावं ठेवणारा मी कोण? फरक एवढाच, की पाकीट फोडल्यावर नको असलेली कार्डंही हातात राहतात. ती वाचता येतात, मित्राशी बदलता येतात, संचात लावता येतात. ब्रेकमध्ये हरलेल्याच्या हातात काहीच राहत नाही.

मला या छंदातला खरा माणूस वाटतो तो जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुट्या भागांची जुळणी करणारा साधा कामगार. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. यानं तीन लाखांहून जास्त छापील कार्डं, चित्रं, जाहिराती जमवल्या, त्यात बेसबॉलचीच तीस हजारांवर. त्यांची सूची केली. आजही त्या वॅग्नरच्या मालिकेला 'टी-२०६' म्हणतात, तो क्रमांक बर्डिकचा. सगळा संग्रह त्यानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला, आणि वर्षानुवर्षं तिथल्या टेबलाशी बसून दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड अल्बममध्ये चिकटवलं. चिकटवलं म्हणजे बाजारभावाच्या दृष्टीनं वाटोळंच! १० जानेवारी १९६३ ला काम पूर्ण झालं. मार्चमध्ये तो गेला. त्यानं आयुष्यात एकही बेसबॉल सामना पाहिला नव्हता म्हणतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघत ज्यानं दुपार घालवली आहे, त्याला अशी माणसं नवीन नाहीत.

तेव्हा आमच्या घरात काही नियम केले आहेत. पाकिटं महिन्याच्या खाऊच्या पैशातून. ब्रेक नाही. डबीत बंद करायला काही पाठवायचं नाही. कुणाचीही सही मागण्याआधी तो कोण, कुठला, काय खेळला, हे माहीत असायला हवं. चिरंजीव कुरकुरतात अधूनमधून, मित्रांकडे बघून. चालायचंच.

तुमच्याकडे जुन्या सह्यांच्या वह्या, काड्यापेटीचे छाप, असलं काही पडलं असेल तर कुणाचं, कधीचं, ते लिहून ठेवा आणि जमलं तर मलाही कळवा. इकडे या आठवड्यात आणखी दोन पत्रं टपालात पडली आहेत. उत्तर आलं की सांगीनच.