पन्नास मिलिग्रॅमचा हिशेब

जून २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. दरपत्रके न मागवता थेट खरेदी करण्याची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, खरेदी समितीची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर. दोनशे कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मंजुरी देण्याचा अधिकारही संस्थेच्या संचालकांकडे आला. आदेशात उपकरणांबरोबर उपभोग्य वस्तूही आहेत, म्हणजे आपले समृद्ध समस्थानिकही त्यात बसतात. टार्गेट बनवणाऱ्या आपण सगळ्यांनीच तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता.

वाचकांच्या पत्रांत मात्र तक्रार जुनीच आहे. आदेश आला, पण स्टोअर्सच्या टेबलावरचा छापील फॉर्म बदललेला नाही. त्यात आजही तीन दरपत्रकांचे तीन रकाने आहेत आणि ते रिकामे असले की इंडेंट परत येतो. जगात जी वस्तू देणारे जेमतेम दोन-तीन पुरवठादार, आणि हवी ती समृद्धी त्यांतल्या एकाकडेच, तिची तीन दरपत्रके आणायची कुठून? मग मक्तेदारी प्रमाणपत्र, त्यावर शेरा, शेऱ्याला उत्तर. तोवर दरपत्रकाची मुदत संपलेली असते आणि भाव वाढलेला असतो.

इंडेंट सुटला तरी पुढे काय होते, ते आमच्याच प्रयोगशाळेतल्या एका अनुभवावरून सांगतो. आम्ही निओडिमियम-१५० चा ५० मिलिग्रॅम धातू मागवला होता. ऑक्साइड स्वस्त पडला असता, पण क्षपणात जाणारे नुकसान टाळण्यासाठी मुद्दाम धातू घेतला. बारीक कीस, आर्गॉन भरून सील केलेल्या काचेच्या अँप्यूलमध्ये. पार्सल वेळेत उतरले आणि सीमाशुल्काच्या तपासणीत अडकले. कारण असे की तिथल्या संगणकात वजन किलोमध्ये, दशांशानंतर तीन अंकांपर्यंतच भरता येते. ५० मिलिग्रॅम तिथे ०.००० दिसतात. किंमत काही लाख आणि वजन शून्य, म्हणून विसंगती. त्यात नावापुढे १५० हा आकडा पाहून माल किरणोत्सारी नसल्याचा दाखला मागितला गेला. एवढ्याशा मालातून उत्सर्जन मोजताही येऊ नये इतक्या दीर्घायुषी समस्थानिकाचा दाखला कोणी द्यायचा, हे ठरवण्यात आणखी दिवस गेले.

एकोणीस दिवसांनी पार्सल हातात आले. अँप्यूलची मान कापलेली होती आणि तिच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आत चंदेरी कीस असायला हवा होता, तिथे राखाडी-निळसर भुकटी होती. सूक्ष्म तराजूवर ती ५८ मिलिग्रॅम भरली. हा आकडा पाहिल्यावर तुम्हाला काही समजावून सांगायची गरज नाही. सगळा धातू ऑक्साइड झाला होता. बीम टाइम चार दिवसांवर होता. लँथॅनम मिसळून टँटलमच्या बोटीतून क्षपण करण्याचा प्रयत्न केला, पण कार्बनवर पडलेला थर हव्या त्या जाडीच्या निम्माही नव्हता. विद्यार्थिनीचा प्रयोग पुढच्या फेरीवर गेला. दोन महिन्यांनी लेखापरीक्षणाचा प्रश्न आला, की मागणी ५० मिलिग्रॅमची असताना आवक ५८ मिलिग्रॅमची कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा मी वैयक्तिक दोष मानत नाही. त्याच्या नोंदवहीत वस्तू एक तर जास्त येते किंवा कमी येते, तिसरी शक्यता तिला ठाऊकच नाही. राग येतो तो याचा, की ही तिसरी शक्यता तिथवर पोहोचवण्याची व्यवस्था कोणीच केलेली नाही.

परदेशातही माल कागदांपायी असा अडकतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २२ मिलिग्रॅम बर्केलियम-२४९ रशियाला पाठवले. अणुभट्टीत २५० दिवस, मग ९० दिवस थंड करणे, मग रासायनिक शुद्धीकरण, इतक्या खटाटोपाने मिळालेला हा माल. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३३० दिवस, म्हणजे डबीत नुसता पडून तो दर पाच दिवसांना एक टक्क्याने घटत होता. कागद अपुरे म्हणून रशियन सीमाशुल्काने तो दोनदा परत पाठवला आणि त्या मालाने अटलांटिक पाच वेळा ओलांडला. पुढे दिमित्रोव्हग्रादला टायटॅनियमच्या फॉइलवर त्याचे टार्गेट झाले, दुबनाला त्यावर कॅल्शियम-४८ चा मारा झाला आणि २०१० मध्ये ११७ वे मूलद्रव्य जाहीर झाले. त्यांचे टार्गेट अखेर बीमपुढे उभे राहिले. आपला निओडिमियम डेसिकेटरमध्ये पडून आहे.

आपल्याकडे चूक परवडणार नाही, कारण पुरवठाच आटला आहे. समस्थानिक वेगळे करणारे ओक रिजचे कॅल्युट्रॉन १९९८ मध्ये थांबले आणि कित्येक समस्थानिकांसाठी जग रशियातल्या विलगकांवर टेकून राहिले. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर पैसे पोहोचवणे आणि माल आणणे, दोन्ही अवघड झाले. ओक रिजला नवे केंद्र उभे राहते आहे, पण आपल्या पुढच्या प्रयोगाला त्याचा उपयोग नाही.

म्हणून संचालकांकडे तीन मागण्या. एक, नव्या आदेशाप्रमाणे इंडेंटचा फॉर्म बदलून घ्या. दोन, समस्थानिकाच्या प्रत्येक पार्सलसोबत वजन मिलिग्रॅममध्ये, स्थिर असल्याचा उल्लेख आणि ‘आर्गॉनमध्ये सीलबंद, उघडल्यास माल नष्ट होईल’ हे वाक्य असलेले संस्थेच्या सहीचे पत्र आगाऊ पाठवा, आणि माल उतरेल त्या दिवशी टार्गेट प्रयोगशाळेतला माणूस तिथे हजर ठेवा. तीन, टार्गेट बीममध्ये फाटते, जळते, हे मान्य करून त्यासाठी वेगळी वापर-नोंदवही ठेवा.

आता आपल्याविषयी. सगळा दोष स्टोअर्सवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

प्रयोगाचा प्रस्ताव सहा महिने आधी मंजूर होतो आणि टार्गेटची चिठ्ठी आपल्याकडे दहा दिवस आधी येते. चिठ्ठीवर ‘पातळ, स्वयंधारी’ एवढेच. जाडी किती, किती टक्के फरक चालेल, स्वयंधारी जमले नाही तर आधाराला कार्बन चालेल की सोने, बीमचा प्रवाह किती, यातले काहीही नसते. प्रयोगप्रमुखांनो, हे थांबवा.

आणि बाष्पीभवनाचे गणित आपण तरी किती वेळा मांडतो? दहा सेंटीमीटर अंतरावर २०० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर हवे असतील, तर बोटीत ६० मिलिग्रॅमच्या वर माल भरावा लागतो. एका चौरस सेंटीमीटरवर त्यातला सुमारे ०.३ टक्का बसतो. चार स्लाइड लावल्या तरी बाकीचा माल बेल जारच्या भिंतीवर, शटरवर, बोटीच्या काठावर असतो. पुढच्या माणसाला स्वच्छ चेंबर हवे म्हणून तो आपण ओल्या कापसाने पुसतो आणि कापूस कचऱ्यात टाकतो. आतून टँटलमच्या पातळ पत्र्याचे अस्तर लावले, दर समस्थानिकाला वेगळे ठेवले आणि ते आम्लात धुऊन घेतले, तर यातला बराच माल परत मिळतो. जिथे चौरस सेंटीमीटरला एक मिलिग्रॅमच्या वरची जाडी चालते आणि धातू लवचीक आहे, तिथे रोलिंगच करा. त्यात वाया जाण्यासारखे जवळजवळ काहीच नसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. मुंबई, दिल्ली, कोलकाता, प्रत्येक ठिकाणच्या डेसिकेटरमध्ये जुनी टार्गेट पडून आहेत. गेल्या महिन्यात आमचा खालचा कप्पा उपसला तेव्हा फ्रेमवर ताणलेल्या एकवीस फॉइल निघाल्या. त्यांपैकी आठांवर पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते, उरलेल्या तेरांवर काहीच नाही. ज्याने त्या केल्या तो सहकारी निवृत्त झाला. कुठला पार्टिंग एजंट वापरला, पाणी किती कोमट होते, फॉइल कोणत्या कोनातून उचलली, हे त्याच्या बोटांना माहीत होते, आणि ते बोटांबरोबरच गेले. अल्फा स्रोतापुढे एकेक फॉइल ठेवून ऊर्जाह्रास मोजत बसलो. सिलिकॉन शोधकात अमेरिशियमची ५.४८६ एमईव्हीची रेषा किती सरकते त्यावरून जाडी कळते, पण ती फॉइल कोणत्या समस्थानिकाची, हे ती रेषा सांगत नाही. त्या तेरांत कोणाचा तरी अडलेला प्रयोग नक्की असेल.

मित्रांनो, येत्या महिन्यात एक दिवस काढा. कपाट उघडा, प्रत्येक फॉइल आणि प्रत्येक कुपी नोंदवा. समस्थानिक, समृद्धी, रूप, वजन किंवा जाडी, आधार, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचे नाव आणि कृती, एवढे आठ रकाने पुरेत. नाव आवर्जून लिहा. शोधनिबंधात आभारापुरते उरणाऱ्या माणसाचे नाव निदान डबीवर तरी राहू द्या. याद्या आमच्याकडे पाठवा, आम्ही त्या एकत्र छापू. मग कोलकात्याला लागणारे टिन-१२४ मुंबईच्या खालच्या कप्प्यात सापडले, तर ते तपासणीच्या टेबलावर अडकणार नाही. हातातल्या डबीत घालून रेल्वेने नेता येईल.

पहिली यादी आमच्या कप्प्याची आहे. ती पुढच्या अंकात छापत आहोत, त्या तेरा निनावी फॉइलांसह. कोणाला ओळख पटली तर कळवा.