पगाराचा आकडा जाहिरातीत छापा!

नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला, त्यांच्या आईवडिलांना आणि नोकरी देणाऱ्या प्रत्येक मालकाला



तलाठी भरतीची जाहिरात आठवा. २०२३ साली ती निघाली तेव्हा जागा होत्या ४,६४४ आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. त्या जाहिरातीत पदासमोर वेतनश्रेणी स्वच्छ छापलेली होती : २५,५०० ते ८१,१००. आता हिंजवडी, चाकण, वाळूज, अंबड इथल्या खासगी जागांच्या जाहिराती काढून बघा. 'पगार अनुभवानुसार.' 'आकर्षक पगार.' 'मुलाखतीत ठरेल.' शिक्षण किती हवं, वय किती हवं, स्वतःची दुचाकी हवी का, रात्रपाळी चालेल का, हे सगळं छापलेलं असतं. ज्यासाठी माणूस कामाला जातो तेवढंच छापलेलं नसतं.

हे विसरून राहिलेलं नाही, ठरवून गाळलेलं आहे. जागा भरायची ठरते तेव्हाच कंपनीत त्या जागेसाठी रक्कम मंजूर झालेली असते. एचआरच्या माणसासमोर तो आकडा असतो. तरीही तो तुम्हाला फोनवर विचारतो, "सध्या किती आहे? अपेक्षा किती? तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि बँक स्टेटमेंट पाठवून द्या." तुमची बाजू पूर्ण उघडी आणि त्याची पूर्ण झाकलेली. याला वाटाघाट म्हणता येणार नाही. पूर्वी आपल्याकडे धान्याच्या बाजारात व्यापारी आणि अडते रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे. माल ज्याचा तो शेतकरी शेजारी उभा, आणि त्यालाच भाव कळायचा नाही. बाजार समित्यांच्या नियमांनी ती रीत बंद करून उघड लिलाव आणला. कष्टाच्या बाजारात मात्र तो रुमाल अजून तसाच आहे.

सगळ्यात मोठं नुकसान करतो तो 'सध्या किती आहे?' हा प्रश्न. लातूरहून पदवी घेऊन आलेली मुलगी गरजेपोटी वर्षाला २ लाख ४० हजारांवर रुजू होते. तिच्याच वयाचा, तेच काम करणारा पुण्यातला मुलगा कॅम्पसमधून ४ लाखांवर लागतो. पुढे दोघंही दोनदा नोकरी बदलतात आणि दोघांनाही दोन्ही वेळा 'चांगली' ३० टक्के हाईक मिळते. ती पोचते ४ लाख ६ हजारांवर आणि तो ६ लाख ७६ हजारांवर. सुरुवातीचा फरक १ लाख ६० हजारांचा होता, तो आता २ लाख ७० हजारांचा झाला. काम तेच, अनुभव तेवढाच. एका अडचणीच्या वर्षी घेतलेला कमी पगार तिच्या मागे जन्मभर लागला, आणि प्रत्येक नव्या मालकाने त्याचा फायदा घेतला. बाळंतपणानंतर चार वर्षांनी कामावर परतणाऱ्या बाईला तर तिचा चार वर्षांपूर्वीचा पगार दाखवून आजचा ठरवला जातो. समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९व्या कलमात आहे, १९७६ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. पण जुन्या स्लिपेवरून नवा पगार ठरू लागला की कुणाला उघड भेदभाव करायची गरजच उरत नाही. आधीच्या ठिकाणी झालेला अन्याय कागदावरून आपोआप पुढे येतो.

जो आकडा शेवटी सांगितला जातो, तोही खरा नसतो. 'पॅकेज ३ लाख ६० हजार' असं ऐकलं की घरात महिना ३० हजारांचा हिशेब सुरू होतो. भाड्याची खोली त्या हिशेबाने बघितली जाते, भावाच्या फीचा शब्द दिला जातो. प्रत्यक्षात काय होतं ते एका नेहमीच्या मांडणीवरून बघा. मूळ वेतन १५ हजार धरू. कंपनीने भरायचा पीएफ १,८०० रुपये, तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीचे मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे ७२१ रुपये, तेही त्यातच. आणि कायम नोकरीत ही ग्रॅच्युइटी हातात पडायला साधारणपणे पाच वर्षं एका जागी टिकावं लागतं. दहा टक्के 'व्हेरिएबल', म्हणजे महिन्याचे ३ हजार, कंपनीचं वर्ष कसं गेलं त्यावर अवलंबून. विम्याचा हप्ता ५०० धरा. उरले २३,९७९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,९७९. (महिना २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय कर माफ आहे. तुमच्या स्लिपेत तो कापला जात असेल तर जाब विचारा.) पीएफ तुमचाच पैसा आहे, तो वाया जात नाही. पण ३० हजार समजून होकार देणं आणि २२ हजारांवर महिना काढणं यात एका कुटुंबाची झोप उडते.

कारखान्याच्या गेटवर हीच गोष्ट वेगळ्या तोंडाने सांगतात. आयटीआय झालेल्या मुलाला ठेकेदार म्हणतो, "अठरा हजार पडतील." किती तासांचे? आठ तासांचे अठरा हजार आणि रोज बारा तास राबून ओटीसकट अठरा हजार, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जादा तासांना दुप्पट दर हा कायदा १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून आहे. म्हणून आठ तासांचा दर किती, ओटी दुप्पट दराने का, साप्ताहिक सुट्टीचा पगार धरलाय का, कँटीन आणि बसचे पैसे कापणार का, हे चारही प्रश्न गेटच्या आत पाऊल टाकण्याआधी विचारायचे.

फोनवर 'अपेक्षा किती?' असं विचारलं तर पहिला आकडा तुम्ही देऊ नका. शांतपणे म्हणा, "या जागेसाठी कंपनीने किती ते किती ठेवलं आहे, ते सांगा. मी त्यावर बोलतो." पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच म्हणा. आधीचा पगार विचारला तर म्हणा, "तिथलं काम वेगळं होतं. या कामाचं काय मोल आहे त्यावर बोलू." काही ठिकाणी स्लिपेशिवाय पुढे सरकूच देत नाहीत. तिथे स्लिप द्यावी लागली तर द्या, पण खोटा आकडा कधीही सांगू नका. कागद तपासले जातात आणि नोकरी गमावता तुम्ही. बोलणं हातात येणाऱ्या रकमेवर करा आणि पॅकेजची फोड लेखी मागा. ती आल्यावर एक दिवस मागून घ्या आणि घरी वही-पेन घेऊन बसा. बॉन्ड असेल तर रक्कम, मुदत आणि कंपनी त्याबदल्यात कोणतं प्रशिक्षण देणार, हे वाचल्याशिवाय सही नाही. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवायची नाहीत.

"जास्त बोललास तर मागे शंभर जण रांगेत आहेत," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरी पुढच्या महिन्याचं रेशन नाही, त्याला ताठ उभं राहायचा उपदेश करणं सोपं असतं. म्हणूनच हा प्रश्न एकेकाच्या धाडसावर सोडून चालणार नाही. रांगेतल्या शंभरही जणांना आकडा आधीच माहीत असेल, तर त्यांना एकमेकांखाली दर पाडायला लावता येणार नाही.

मालक म्हणतात, आकडा छापला तर आधीपासून कामावर असलेले लोक नाराज होतील. होतील ना! पाच वर्षं इमानाने काम केलेल्या माणसापेक्षा नव्याला जास्त देत असाल तर त्याने नाराज का होऊ नये? हे कारण म्हणजे जुन्या लोकांना कमी दिल्याची कबुली आहे. छोटे उद्योजक म्हणतात, आम्हाला मोठ्या कंपन्यांइतकं परवडत नाही. मान्य. मग जे परवडतं तेच छापा. ज्याला ते चालेल तोच येईल, तुमचाही वेळ वाचेल आणि त्याचंही बसभाडं.

पगाराबद्दल बोलणं उद्धटपणाचं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं. पण १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. त्या वेळी मालकांना वेळेवर पगाराची मागणीही जड वाटली. १९३६च्या वेतन कायद्याने ७ आणि १० तारखेची मुदत घालून दिली. आज पगार वेळेवर मागणाऱ्याला कुणी उद्धट म्हणत नाही.

आणि आम्ही मागतो ते जगावेगळं नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात २०२१पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराची कक्षा देणं सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात २०१८पासून उमेदवाराचा आधीचा पगार विचारता येत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली पगाराची कक्षा उमेदवाराला आधीच सांगण्याचा आणि जुना पगार न विचारण्याचा निर्देश काढला आणि सदस्य देशांना जून २०२६पर्यंतची मुदत दिली. ज्या कंपन्यांची ऑफिसं तिकडेही आहेत आणि पुण्यातही, त्यांना आकडा छापता येतो. इथे तो छापायला त्यांना कुणी भाग पाडत नाही, एवढंच. आपल्याच देशात १९५९च्या कायद्याने २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवणं बंधनकारक केलं होतं, आणि त्या माहितीत वेतनाचा रकानाही होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं केलं. चांगलंच झालं. पण नेमणूकपत्र हातात पडेपर्यंत माणसाने जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला असतो.

आमच्या मागण्या दोन. महाराष्ट्रात छापल्या जाणाऱ्या नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत किमान आणि कमाल पगार असावा, आणि उमेदवाराचा जुना पगार विचारायला बंदी असावी. विधिमंडळाने तसा कायदा करावा. तोपर्यंत राज्य सरकारच्या रोजगार मेळाव्यात ज्या कंपनीला टेबल हवं, तिच्याकडून आधी पगाराचा आकडा घ्यावा. याला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल. महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनीही 'सर्वोच्च पॅकेज'चे फलक लावण्याऐवजी शेवटच्या मुलालाही हातात किती मिळतात ते सांगावं.

नोकरीत स्थिरावलेल्या मंडळींना एक विनंती. तुमच्या गावचा, तुमच्या कॉलेजचा, तुमच्या जागी येऊ पाहणारा मुलगा किंवा मुलगी फोन करेल तेव्हा 'बघ, बरं देतात' असं मोघम बोलू नका. तुमचा आकडा सांगा, फोड सांगा, काय कापलं जातं तेही सांगा. आणि तुम्ही, जे नोकरी शोधताय : आकडा नसलेली जाहिरात दिसली की दिलेल्या नंबरवर फोन लावा आणि पहिला प्रश्न पगाराचाच विचारा.