बळदातल्या बायकांची कादंबरी

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या धाराशिव जिल्ह्यात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. झेंडावंदन होतं, भाषणं होतात. रझाकारांचे जुलूम, १९४८ ची पोलीस ॲक्शन, सोलापूरकडून नळदुर्गात शिरलेली फौज, हे पोरांना पाठ असतं. त्या दिवसांत बायका कशा जगल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

बचत गटाच्या कामासाठी मी एका गावात जात असे. तिथल्या आजी तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, "रझाकार आले की आई आम्हां पोरींना बळदात घालायची. खोकला आला की पदराचा बोळा तोंडात." मग थोडं थांबून हळूच म्हणाल्या, "फौज आल्यावर त्याच बळदात शेजारची मुसलमानाची पोर व्हती. आईनंच ठिवली. पर हे कुणाला सांगितलं न्हाई, बाई."

एक जीव वाचवल्याची गोष्ट सत्तरहून अधिक वर्षं लपवावी का लागली?

कारण आपल्याला अर्धीच गोष्ट ऐकायची सवय आहे. पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेतच होता. रझाकारांचा जाचही याच चार जिल्ह्यांनी सर्वांत जास्त सोसला, हेही समितीने नोंदवलं. बलात्कार, पळवून नेलेल्या बायका, प्रेतांनी भरलेल्या विहिरी, सगळं त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशकं सामान्य वाचकांपर्यंत पोचलाच नाही.

अहवाल आकडा सांगतो. पण दळणाला ज्वारी नसताना, विहिरीवर जायची भीती असताना घर कसं चाललं, हे कादंबरीच सांगू शकते. एल्सा मोरांते या इटालियन लेखिकेच्या १९७४ च्या 'ला स्तोरिया' या कादंबरीत जर्मनांच्या ताब्यातलं रोम दिसतं ते एका विधवा शिक्षिकेच्या धडपडीतून. सेनापती तिथे नायक नाहीत. माझ्या वाचनात आलेल्या मुक्तिसंग्रामाच्या गोष्टींत मात्र नायक बंदूकवाला असतो आणि बाई म्हणजे गावाची अब्रू. ती लुटली जाते किंवा वाचवली जाते. ती स्वतः काही ठरवत नाही. अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर'मधली पळवलेली पूरो शेवटी कुठे राहायचं ते स्वतः ठरवते. म्हणूनच ती लक्षात राहते.

"जुन्या जखमा कशाला उकरता?" असं मला विचारलं जातं. मैत्रिणींनो, जखम झाकली म्हणून बरी होत नाही. एका बाजूचं दुःख दुसऱ्या बाजूच्या तागडीत टाकायचं असंही नाही. आजींच्या आईने दोन्ही वेळा तेच बळद उघडलं. तिला तागडीची गरज पडली नाही.

शेजारच्या तेलंगणाचं उदाहरण आहे. हैदराबादच्या 'स्त्री शक्ती संघटना' या गटाने तेलंगणाच्या लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९८६ साली तेलुगूत पुस्तक काढलं. एकाच निजामाच्या राज्यातल्या आपण. मग आपल्याकडे हे काम गावोगावी का होऊ नये?

तेव्हाच्या दहा वर्षांच्या मुली आज नव्वदीच्या आसपास आहेत. कादंबरी लिहिणारी पुढे कधीतरी भेटेल, पण ऐकायला आत्ताच जायला हवं. दोन्ही समाजांच्या घरी जायला हवं. नाव छापू नका म्हणाल्या तर ते छापायचं नाही. रडू आलं तर वही मिटून नुसतं शेजारी बसायचं.

त्या आजी मागच्या वर्षी गेल्या. शेजारच्या त्या मुलीचं पुढे काय झालं, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.