फोटो जॉबवर नको

भिवंडीत बरेच यंत्रमाग जॉबवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. मागवाल्याला फक्त मजुरी. आपला कायदा फोटोग्राफरलाही मागवालाच समजतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला, तर वेगळा करार नसेल तेव्हा मालक तो पैसे देणारा.

पण कापडाचा तागा एकदाच विकला जातो. साडीचा फोटो मात्र कॅटलॉग, अ‍ॅप, होर्डिंग असा वर्षानुवर्षं राबतो.

हा नियम इंग्रजांच्या १९११च्या कायद्यातला. त्यांनी स्वतः तो १९८८मध्ये मोडीत काढला, कॅनडाने २०१२मध्ये. आपण अजून कवटाळून बसलोय.

मी कोड लिहितो. एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर दरवर्षी लायसन्सवर विकलं जातं, त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. फोटोग्राफरने ‘कुठे, किती वर्षं वापरणार?’ विचारलं की मात्र तो माजलेला!

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर ‘वेगळा करार नसेल तेव्हा’ हे शब्द कामाला लावा. कोटेशनवरच लिहा: कॉपीराइट माझा, वापर इथे, इतकी वर्षं, पुढे वापरायचा तर पुन्हा पैसे. खाली पार्टीची सही घ्या. सही नाही, तर शूट नाही.