अभियंत्यांच्या संघटना आणि स्वाक्षरीची जबाबदारी

भोपाळमधील ऐशबाग रेल्वे उड्डाणपुलाचे वळण नेमके किती अंशांचे आहे, हा प्रश्न २०२५ च्या पावसाळ्यात जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयापुढे आला. हा पूल तोपर्यंत 'नव्वद अंशांचा पूल' म्हणून देशभर हेटाळणीचा विषय झाला होता. २८ जून २०२५ रोजी मुख्यमंत्री मोहन यादव यांनी आठ अभियंत्यांवर कारवाई जाहीर केली. दोन मुख्य अभियंत्यांसह सात जणांना तत्काळ निलंबित करण्यात आले, एका निवृत्त अधीक्षक अभियंत्याविरुद्ध विभागीय चौकशीचा आदेश निघाला, तर बांधकाम कंपनी व आराखडा तयार करणारे सल्लागार यांना काळ्या यादीत टाकण्यात आले. या निर्णयाविरुद्ध कंपनीने उच्च न्यायालयात धाव घेतली. सरकारी यंत्रणेने दिलेल्या आराखड्याबरहुकूमच काम केले, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाच्या निर्देशावरून भोपाळच्या मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील तज्ज्ञाने मोजणी केली, तेव्हा वळण ११८ ते ११९ अंशांचे असल्याचा अहवाल आला.

कोन नव्वदाचा असो वा एकशे अठराचा, वाहनचालकाच्या दृष्टीने हे वळण अवघडच. एका बाजूला रेल्वेची जमीन, दुसऱ्या बाजूला मेट्रोचे स्थानक आणि मधल्या अपुऱ्या जागेत बसवलेला पूल, ही त्यामागची अडचण सर्वांनाच ठाऊक होती. तरीही ज्या आकड्यावरून एवढी चर्चा झाली, तो न्यायालयाच्या देखरेखीखाली मोजला गेला तो कारवाईनंतर. असा पूल कागदावर असतानाच 'हे वळण चालणार नाही' असे अधिकाराने सांगणारी जागा आपल्या व्यवस्थेत कोणती, हा प्रश्न या प्रकरणातून उरतो. देशात अभियंत्यांच्या संघटनांची वाण नाही. त्यामुळे हा प्रश्न प्रथम त्यांच्याकडेच जातो.

दोन प्रकारच्या संघटना

या संघटनांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार सेवा संघटनांचा. वेतनश्रेणी, पदोन्नती, बदल्या, पदविकाधारक आणि पदवीधर यांच्यातील सेवाज्येष्ठतेचा जुना तंटा हे त्यांचे विषय. दुसरा प्रकार विद्वत्संस्थांचा. त्या व्याख्याने, परिसंवाद आणि तांत्रिक नियतकालिके चालवतात.

जबलपुरात दोन्ही प्रकार नांदतात. १९२० साली स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये राजसनद मिळालेल्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' या संस्थेचे स्थानिक केंद्र या शहरात आहे. राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय शक्ती भवन येथे असल्यामुळे वीज अभियंत्यांच्या चळवळीनेही येथे मूळ धरले. मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या, तरी वीज कायद्यातील प्रस्तावित दुरुस्त्या आणि वितरणाचे खासगीकरण यांविरुद्धचा आवाज जबलपुरातून वेळोवेळी उठत राहिला आहे.

या शहराचे अभियांत्रिकीशी नाते जुने आहे आणि त्यातला एक धागा मराठी मुलखाशी जोडलेला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते व प्रांताची राजधानी नागपूर होती. १९४७ साली त्या प्रांताचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले ते मात्र जबलपूरला. पुनर्रचनेनंतर खात्याची परिभाषाही दुभंगली. महाराष्ट्रात ज्याला कार्यकारी अभियंता म्हणतात, तो मध्य प्रदेशात कार्यपालन यंत्री असतो. इकडचे सार्वजनिक बांधकाम खाते तिकडे लोकनिर्माण विभाग होते. अडचणी मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत.

पदविकाधारक अभियंत्यांसाठी इन्स्टिट्यूशनचे महत्त्व केवळ व्याख्यानांपुरते नव्हते. नोकरी सांभाळून तिच्या 'ए' आणि 'बी' विभागांच्या परीक्षा दिल्या की पदवीशी समकक्ष अर्हता मिळे आणि बढतीचा मार्ग खुला होई. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ही मान्यता थांबवली. संस्थेचा सामान्य उपयंत्र्याशी असलेला रोजच्या जगण्यातला संबंध त्यामुळे पातळ झाला.

१९९७ चा धडा

व्यावसायिक संघटनेच्या शब्दाला वजन असते तर काय घडले असते, याचा विचार करण्यासाठी जबलपूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. २२ मे १९९७ रोजी पहाटे या शहराला सुमारे सहा तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. चाळीसच्या आसपास माणसे दगावली आणि हजारो घरांची पडझड झाली. किल्लारीच्या १९९३ मधील भूकंपानंतर चार वर्षांच्या आत हे घडले. किल्लारीत माती-दगडाच्या जाड भिंतींची घरे कोसळली होती. जबलपुरात त्याबरोबरच नव्या धाटणीच्या काँक्रीटच्या इमारतीही तडकल्या.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभियंत्यांनी केलेल्या पाहणीत एक दोष ठळकपणे नोंदवला गेला. वाहने उभी करण्यासाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या इमारतींचे नुकसान प्रामुख्याने त्या तळमजल्याच्या खांबांना झाले होते. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असल्याने ते ताठ राहतात, खालचे खांब मात्र एकटे पडतात आणि धक्क्याचा सगळा भार त्यांच्यावर येतो. स्थापत्याच्या विद्यार्थ्यालाही उमगेल अशी ही गोष्ट आहे. जबलपूर भूकंपप्रवण क्षेत्र तीनमध्ये मोडते, हे भारतीय मानकात त्या वेळीही नमूद होते.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी, २६ जानेवारी २००१ रोजी, भूजच्या भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांत तळमजला मोकळा असलेल्या इमारती मोठ्या संख्येने होत्या. जबलपूरच्या खांबांनी सांगितलेली गोष्ट तोवर अभ्यासकांच्या निबंधांत पोहोचली होती. अहमदाबादच्या बांधकाम परवान्यांपर्यंत पोहोचली नव्हती. अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीच पट बलासाठी संकल्पित करावेत, ही स्पष्ट तरतूद मानकात आली ती २००२ च्या आवृत्तीत.

दोन भूकंपांमधली ती साडेतीन वर्षे हाच व्यावसायिक संघटनेच्या कामाचा खरा प्रदेश म्हणता येईल. ज्ञान उपलब्ध होते. ते नगरपालिकांच्या दारापर्यंत नेऊन 'यापुढे असे खांब मंजूर करू नका' असे बजावण्याचा अधिकार मात्र कोणालाच नव्हता.

जयकर समितीचा वारसा

भारतात अशा प्रकारचे काम कधी झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोटारींची संख्या वाढू लागल्यावर रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९२८ मधील या समितीच्या अहवालातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला, तसेच प्रांतोप्रांतीच्या रस्ते अभियंत्यांनी वेळोवेळी एकत्र येऊन अनुभवांची देवाणघेवाण करावी ही कल्पनाही पुढे आली. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली ती त्यातूनच.

आज रस्त्याच्या वळणाची त्रिज्या, चढाचे प्रमाण, पुलावरील भार, डांबराच्या थराची जाडी यांसाठी निविदांमध्ये याच संस्थेच्या मानकांचा हवाला दिला जातो. त्या अर्थाने ही देशातील सर्वांत परिणामकारक व्यावसायिक संस्था ठरते. मात्र तिचे सुकाणू मुख्यत्वे सरकारी खात्यांतील ज्येष्ठ अभियंत्यांच्या हाती राहिले आहे. मानक ती लिहिते. एखाद्या विशिष्ट पुलात ते पाळले गेले की नाही, याचा जाहीर निवाडा करणे तिच्या कामात येत नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच कार्यालयात बसत असतील तर तो निवाडा होणार तरी कसा?

गप्प राहण्याची कारणे

सरकारी अभियंता बोलत का नाही, याचे उत्तर त्याच्या भित्रेपणात शोधणे सोपे असले तरी पुरेसे नाही. मध्य प्रदेशात १९६५ चे आणि महाराष्ट्रात १९७९ चे नागरी सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास ते मनाई करतात. सेवा संघटनेला मान्यता मिळते ती सभासदांच्या सेवाविषयक हितापुरती. एखाद्या पुलाची जागा चुकली आहे, हे सांगणे त्या हितात बसत नाही. म्हणूनच संघटनेचे निवेदन वेतनत्रुटीवर निघते, वळणाच्या त्रिज्येवर निघत नाही.

जो नियम ओलांडून बोलतो, त्याचे काय होऊ शकते हे सत्येंद्र दुबे यांच्या उदाहरणाने दाखवून दिले. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले होते. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती पाळली गेली नाही आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या जनक्षोभातून २००४ चा शासकीय ठराव आणि पुढे २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा आला.

जुलै २०१९ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली येथे मुंबई-गोवा महामार्गाच्या दुरवस्थेबद्दल एका उपअभियंत्याच्या अंगावर चिखल ओतून त्याला पुलाला बांधण्यात आले. खड्ड्यांबद्दलचा लोकांचा संताप खोटा नव्हता. पण ठेकेदाराची निवड, निधी आणि मुदत यांपैकी काहीही ज्याच्या हाती नसते, तोच रस्त्यावर सापडतो. याच महामार्गावर महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह अनेक जण बुडाले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. हे जलद काम अभिमानाने सांगितले गेले, आणि ते योग्यच होते. पण जो दगडी पूल पडला त्याच्याविषयी आधी कोणी काय लिहून ठेवले होते, ही चर्चा तेवढी टिकली नाही.

कायद्याविना व्यवसाय

वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा आणि सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी असा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा दीर्घकाळ नव्हता. इमारतीच्या संरचनेची जबाबदारी घेणारा अभियंता महापालिकेकडे नोंदवला जातो आणि ती नोंदणी त्या हद्दीपुरती असते. लेखापालाची सनद त्याची परिषद काढून घेऊ शकते. अभियंत्याला सरकार निलंबित करू शकते, ठेकेदाराला काळ्या यादीत टाकू शकते, पण व्यवसायबंधूंनी चौकशी करून 'हा मनुष्य चुकला' किंवा 'हा चुकलेला नाही' असे ठरवण्याची सोय नसते. ऐशबागच्या सात अभियंत्यांना ही दुसरी शक्यता मिळायला हवी होती, असे म्हणण्यास जागा आहे.

व्यावसायिक अभियंत्यांसाठी कायदा व्हावा, ही संस्थांची मागणी कित्येक दशकांची आहे. २०२५ च्या पूर्वार्धात केंद्राने अशा विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. राष्ट्रीय परिषद आणि तिच्याकडे अभियंत्यांची नोंदणी ही त्यातील मुख्य कल्पना. यावर आक्षेपही आहेत. परवाना म्हणजे आणखी एक खिडकी, आणखी एक शुल्क, अशी भीती तरुण अभियंत्यांना वाटते आणि वैद्यकीय परिषदेचा अनुभव पाहता ती निराधार म्हणता येत नाही. तरीही नोंदणीमुळे एक गोष्ट साधते. 'या आराखड्यावर मी सही करणार नाही' असे म्हणणाऱ्याला आपल्या परवान्याचे कारण पुढे करता येते. नुसत्या नोकरदाराकडे ते कारण नसते.

कायद्याची वाट न पाहताही काही करता येते. अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांची संस्था १९९८ पासून ठरावीक काळाने देशातील पूल, धरणे, रस्ते, पाणीपुरवठा यांना शाळेच्या प्रगतिपुस्तकाप्रमाणे श्रेणी देते. २०२५ मध्ये एकूण श्रेणी 'सी' होती, आणि तीही आजवरची सर्वांत वरची. ही श्रेणी कोणावर बंधनकारक नसते. पण वर्तमानपत्रे ती छापतात आणि लोकप्रतिनिधींना तिच्यावर बोलावे लागते.

जबलपूरसारख्या केंद्राला एवढ्या व्याप्तीची गरज नाही. २३ ऑगस्ट २०२५ रोजी शहरात मदन महाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. राणी दुर्गावतीचे नाव दिलेल्या या पुलावर हजार कोटींहून अधिक खर्च झाला असून रेल्वेमार्गावरचा त्याचा भाग तारांनी तोललेला आहे. ज्या राज्यातील अभियंते जूनमध्ये निलंबित झाले, त्याच राज्यातील अभियंत्यांच्या कामाचा ऑगस्टमध्ये असा गौरव झाला. सांधे, बेअरिंग आणि तारा यांची तपासणी दर किती महिन्यांनी होईल आणि तिचे निष्कर्ष कुठे वाचायला मिळतील, हे दोन प्रश्न स्थानिक अभियंत्यांनी लेखी विचारले, तर ते कोणत्याही वर्तणूक नियमाच्या आड येऊ नयेत. निवृत्त अभियंत्यांवर तर सेवेत असतानाचे ते बंधनही उरत नाही, आणि अशा केंद्रांच्या सभासदांत त्यांची संख्या थोडीथोडकी नसते.