पत्नीच्या नावाने एजन्सी चालवणाऱ्यांना अखेरचा इशारा

विमा प्रतिनिधीचे नेमणूकपत्र पत्नीच्या नावाने आणि पॉलिस्या विकणार नवरा, तोही सरकारी नोकर, हा प्रकार आमच्या तालुक्यात राजरोस चालू आहे. पगाराच्या दिवशी कचेरीतच प्रपोजल फॉर्म पुढे सरकवले जातात. हाताखालचा शिपाई साहेबांना नाही म्हणू शकत नाही. ज्याचे काम टेबलावर अडले आहे, तो तर मुळीच नाही. रीतसर परीक्षा देऊन या व्यवसायात आलेले आम्ही प्रतिनिधी हे यापुढे खपवून घेणार नाही.

कायदा स्पष्ट आहे. प्रतिनिधी व्हायला किमान दहावी उत्तीर्ण असावे लागते, आयसी-38 ची परीक्षा द्यावी लागते, मग विमा कंपनी नेमणूक करून ओळखपत्र देते. ही नेमणूक त्या एका व्यक्तीची असते, घराण्याची नव्हे. विमा कायदा, 1938 च्या कलम 42 मध्ये 2015 च्या दुरुस्तीने दंड ठरवला: नियम मोडून प्रतिनिधी म्हणून वावरणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत आणि अशा व्यक्तीमार्फत धंदा करणाऱ्या कंपनीला 1 कोटी रुपयांपर्यंत. शिवाय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार घरच्यांच्या विमा एजन्सीसाठी गिऱ्हाईक गाठणे हाही सरकारी नोकराचा नियमभंग ठरतो.

याची किंमत पॉलिसीधारकाचे घर मोजते. साहेब घाईघाईने फॉर्म भरतात, मधुमेहाच्या प्रश्नापुढे न विचारताच ‘नाही’ लिहितात. पहिल्या तीन वर्षांत मृत्यू ओढवला, तर कलम 45 खाली त्याच उत्तरावर बोट ठेवून कंपनी क्लेम नाकारू शकते. तेव्हा विधवेने जाब कोणाला विचारायचा? कागदावरच्या बाईंना तिने कधी पाहिलेले नसते आणि साहेबांची बदली झालेली असते. रोख घेतलेला हप्ता, सुट्ट्या वगळता, 24 तासांत कंपनीकडे गेला पाहिजे, असे कलम 64व्हीबी सांगते. इथे तो साहेबांच्या खिशात मुक्काम करतो.

ज्या भगिनी स्वतः परीक्षा देऊन दारोदार फिरतात, त्यांच्याकडे आमचा रोख नाही. या नकली एजन्स्यांनी त्यांच्याच पोटावर पाय दिला आहे.

हा अंक हाती पडल्यापासून 15 दिवसांची मुदत देत आहोत. तेवढ्यात:

1. कचेरीतली विमाविक्री बंद करा.
2. घेतलेला प्रत्येक हप्ता भरून कंपनीची पावती ज्याची त्याला द्या.
3. जिच्या नावाने नेमणूक आहे तिने स्वतः काम करावे, नाहीतर एजन्सी परत करावी.
4. उद्दिष्टासाठी डोळेझाक करणाऱ्या विकास अधिकाऱ्यांनी असे फॉर्म स्वीकारणे थांबवावे.

पॉलिसीधारकांनो, ओळखपत्र पाहिल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या फॉर्मवर तर कधीच नाही. ‘पहिला हप्ता मी भरतो’ या आमिषाला भुलू नका. अशी सूट घेणाऱ्यालाही कलम 41 ची मनाई आहे. फसवणूक झाली असेल तर विमा नियामक प्राधिकरणाच्या 155255 या क्रमांकावर तक्रार करा.

सोळाव्या दिवशी आमच्या लेखी तक्रारी, पुराव्यांसह, तीन ठिकाणी जातील: कंपनीकडे, विमा नियामकाकडे आणि संबंधित खात्याच्या प्रमुखाकडे. ओळखीचा, नात्यातला वा वरच्या खुर्चीवरचा म्हणून एकही नाव त्यांतून गाळले जाणार नाही.